प्रकल्प नोंदी: भाकरीचा जमाखर्च

१४ जून २०२५, शनिवार

रिपोर्ट आला. एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, उपाशीपोटी साखर १०८. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या आधीची पायरी, ६.५ पासून पुढे डायबेटीस. म्हणजे पाहुणा अजून घरात आलेला नाही, पण दारात चप्पल काढून उभा आहे.

ऑफिसात सांगितलं तर जेवणाच्या सुट्टीत पाच जणांनी पाच सल्ले दिले. एक म्हणाली भात बंद कर, दुसरी म्हणाली गहूच बंद कर, तिसरीच्या मते ज्वारी कितीही खाल्ली तरी साखर वाढतच नाही. चौथ्याचं म्हणणं कार्ब्स (कार्बोहायड्रेट) हेच विष आहे, अंडी आणि पनीरवर राहा, आणि पाचव्याने मोबाईलवर कसल्याशा पावडरीचा फोटो दाखवला. मी अठरा वर्षं एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. पाच जण पाच आकडे सांगायला लागले की मी आधी व्हाउचर मागते. तेच इथे करायचं ठरवलंय.

तर प्रोजेक्ट असा: ४५ दिवस, घरात कार्बोहायड्रेट किती येतं, कशातून येतं आणि खाल्ल्यावर काय होतं ते लिहायचं. सामान म्हणजे एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, ग्लुकोमीटर, ५० पट्ट्या आणि पोराची निम्मी कोरी राहिलेली गणिताची वही. घरात चौघं. मी, नवरा, मुलगा (नववी) आणि आई, म्हणजे सासूबाई, वय ७१, डायबेटीस बारा वर्षं, गोळ्या चालू. सुया फक्त मला टोचायच्या, बाकीच्यांचं फक्त ताट लिहायचं. असं ठरलंय तरी.

१६ जून, सोमवार

पहिलाच दिवस आणि पहिलीच चूक. भाकरी तव्यावरून उतरवली की थेट काट्यावर, ९८ ग्रॅम. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या हैदराबादच्या पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटकांची कोष्टकं आहेत, त्यात ज्वारीत १०० ग्रॅमला ६७.७ ग्रॅम कार्बोहायड्रेट लिहिलंय. गुणिलं, ६६ आले. एका भाकरीत ६६! मी वही घेऊन बसलेच खाली.

मुलगा शेजारी बसून शेंगा खात होता, तो म्हणाला मम्मी अगं पाणी पण मोजलंस की. बरोबर आहे त्याचं. कोष्टक कोरड्या धान्याचं आहे आणि भाकरीत पाणी असतं, पीठ मळताना घातलेलं आणि वरून हात ओला करून फिरवलेलं. मग उलटं केलं, आधी कोरडं पीठ मोजून परातीत घेतलं. आमच्याकडची एक भाकरी म्हणजे ६० ग्रॅम पीठ, मळल्यावर गोळा ११५ च्या आसपास, भाजून उतरली की ९५ ते १००. कार्ब ४१. आता नियम: धान्य, डाळ, पोहे सगळं कोरडंच मोजायचं. शिजलेला भात मोजावा लागला तर १०० ग्रॅमला २८ धरायचे, तांदूळ पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो म्हणून तेवढे कमी.

आई सगळं बघत होत्या. काटा बघून म्हणाल्या, "सोन्याचं दुकान काढलंय व्हय गं?"

१७ जून

पहिलं पान भरलं. १०० ग्रॅम कोरड्याला कार्ब आणि फायबर, कोष्टकातून:

ज्वारी ६७.७, फायबर १०.२
बाजरी ६१.८, फायबर ११.५
गव्हाची कणीक ६४.२, फायबर ११.४
नाचणी ६६.८, फायबर ११.२
पॉलिशचा तांदूळ ७८.२, फायबर २.८

दोनदा तपासलं. ज्वारी आणि गहू यांच्यात कार्बचा फरक साडेतीन ग्रॅमचा, तोही गव्हाच्या बाजूने! आणि मी इतकी वर्षं लग्नकार्यात चपात्या वाढल्या की तोंड वाकडं करून म्हणायचे आमच्यात ज्वारीच चालते. (चालतेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आणि मालदांडी ज्वारीची भाकरी एकदा खाल्ली की दुसरी कुठली घशाखाली उतरत नाही, तो अभिमान वेगळा आणि हिशोब वेगळा.) खरा वेगळा आहे तो तांदूळ, तिथे फायबर पॉलिशमध्ये निघून जातं.

फायबर पण कार्बच असतं, मला हे या वयात कळलं. साखर, स्टार्च, फायबर, तिघं एकाच घरातले, पण फायबर आपल्या आतड्यात पचून रक्तात साखर होऊन येत नाही, उलट बाकीच्यांचा वेग कमी करतं. या कोष्टकात ते वेगळं काढूनच कार्ब लिहिलंय, म्हणून दोनदा धरायचं नाही.

१८ जून, बुधवार

आज जीव जायचा बाकी होता. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी सुई टोचली, २७१! हात थरथरायला लागले, नवऱ्याला हाक मारली, मनात मी इन्सुलिनच्या इंजेक्शनपर्यंत जाऊन पोचले. तो आला आणि म्हणाला अगं पण तुझ्या हाताला आंब्याचा वास येतोय.

सीझनचे शेवटचे केसर होते, दहाच मिनिटांपूर्वी पोराला चिरून दिले होते आणि बोटं नुसती पदराला पुसली होती. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १३४. म्हणजे बोटावरच्या आंब्याची साखर मोजली मी. एक पट्टी वाया, साधारण वीस रुपये, पण धडा पक्का झाला. स्पिरिटपेक्षा साबण-पाणी.

अजून एक, मीटरच्या कागदावर बारीक अक्षरात अचूकपणाचं लिहिलंय: शंभरच्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे खरी १४० असेल तर मीटर ११९ पण दाखवेल आणि १६१ पण. आमच्या खात्यात पंधरा टक्के इकडे-तिकडे झाले तर मला घरी बसवतील. म्हणून १३१ आणि १३८ मध्ये फरक शोधत बसायचं नाही, मोठा फरक दिसला आणि पुन्हा पुन्हा दिसला तरच लिहायचं.

२२ जून, रविवार

आठवड्याचं टोटल, फक्त माझं, रोजची सरासरी. कोरडं धान्य: सकाळचे पोहे ५०, डब्यातल्या चार चपात्या १२०, रात्री दीड भाकरी ९०, भाताचा तांदूळ ६०, संध्याकाळी टोस्ट नाहीतर खारी ४०. झाले ३६०. त्यातून कार्ब २५२. चहा चार कप, कपाला दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा, म्हणजे ४० ग्रॅम साखर. डाळ, दूध, बटाटा, फळ यातून ३५. एकूण ३२७. एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणून १३०८. दिवसाच्या सगळ्या कॅलरी काढल्या तर १९५० च्या आसपास. म्हणजे ६७ टक्के.

आता बजेटशी ताडून बघू. हैदराबादच्याच संस्थेने २०२४ मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात २००० कॅलरीचं दिवसाचं ताट दिलंय: धान्य २५०, डाळी (मांसाहारी असाल तर त्यातच अंडी-मांस) ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-बिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको.

माझ्या वहीत धान्य ३६०, डाळ २८, भाजी १६० (त्यात निम्मा बटाटा). म्हणजे धान्याचं खातं शंभरावर ओव्हरड्राफ्टमध्ये, आणि डाळ-भाजीच्या खात्यात पैसेच टाकलेले नाहीत. आमची आमटी म्हणजे तरी वर, डाळ तळाला, आणि तळ ज्याच्या ताटात जाईल तो भाग्यवान.

एक मात्र बघण्यासारखं आहे. त्या ताटात धान्य शून्य नाहीये, पाव किलो आहे. विष असतं तर पाव किलो कशाला लिहिलं असतं. प्रौढ माणसाला दिवसाला किमान १३० ग्रॅम कार्ब धरतात कारण एकटा मेंदूच १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज खातो. महिनाअखेरीला माझा तर जास्तच खात असणार.

२४ जून

नवऱ्याने जाहीर केलंय की आजपासून तो "नो कार्ब". जिममधल्या कोणाचं तरी दोन आठवड्यांत चार किलो उतरलं म्हणे. भाकरी बंद, भात बंद, फळ बंद. अंडी आणायला मीच जाणार हे गृहीत धरलेलं आहे.

२५ ते २८ जून, प्रयोग एक

प्रश्न: भाकरी की चपाती? चार रात्री, रोज त्याच वेळी, दोन तासांनंतरचा आकडा. जेवणाआधीचा रोज ९८ ते १०६ मध्ये होता.

पहिली रात्र, दीड भाकरी (९० ग्रॅम पीठ), सोबत शेंगाचटणी, ठेचा, बस. १६८.
दुसरी रात्र, तीन चपात्या (कणीक ९५ घेतली, कार्ब सारखं यावं म्हणून), तीच चटणी, ठेचा. १७१.

संपला वाद. १६८ आणि १७१ म्हणजे मीटरच्या दृष्टीने जुळी भावंडं. आईंना सांगितलं तर त्यांना खरंच वाईट वाटलं, म्हणाल्या जोंधळ्याला नावं ठेवायला लागलीस होय. म्हटलं अहो आई नावं कुठं ठेवतेय, एकाच मापात मोजतेय फक्त.

तिसरी रात्र, एक भाकरी (६०), मटकीची उसळ मोठी वाटी, काकडीची कोशिंबीर, ताक. १२९.

नाचणार होते पण मग माझ्यातली अकाउंटंट जागी झाली, दोन गोष्टी एकदम बदलल्या की, भाकरी पण कमी केली आणि उसळ पण वाढवली, श्रेय कोणाला द्यायचं? म्हणून चौथ्या रात्री पुन्हा दीड भाकरी, पण उसळ-कोशिंबीर-ताकासकट. १४७. पोट इतकं भरलं की शेवटचा चतकोर जबरदस्तीने खाल्ला.

म्हणजे तेवढीच भाकरी, पण शेजारी कोण बसलंय त्यावर वीसेकाचा फरक, आणि अर्धी भाकरी कमी केली तर आणखी थोडा. एका बाईच्या चार रात्री आहेत या, याचा कोणी शोधनिबंध करू नये, पण १६८ आणि १२९ मधला फरक मीटरच्या चुकीत जेमतेमच बसेल, एवढा मोठा आहे. उसळीत स्वतःचं कार्ब असतंच, तरीही हे झालं. कारण मटकीत प्रोटीन आणि फायबर भरपूर, पोट हळू रिकामं होतं आणि साखर रक्तात एकदम लोंढ्याने न येता नळाच्या धारेने येते.

२९ जून, रविवार

चहा. याच्यावर लिहायचं टाळत होते.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आणलीत तर अजून चांगलं. २००० कॅलरीला ते होतात ५० आणि २५ ग्रॅम. माझा नुसता चहाच ४०. वर ऑफिसातला पेढा, कोणाचा ना कोणाचा वाढदिवस, बिस्किटातली वेगळी. भाकरीला शिव्या देत होते आणि चोर कपात बसला होता!

गुळाचा चहा करू का असं मनात आलं आणि कोष्टक उघडलं, गुळात पण १०० ला ८५ च्या आसपास कार्ब. थोडं लोह येतं बरोबर, पण रक्ताला ती साखरच. आमच्या कोपऱ्यावर "गुळाचा चहा, शुगरवाल्यांसाठी" असा बोर्ड आहे आणि तिथे सकाळी मोठी गर्दी असते, मी काही बोलत नाही.

ठरलं: दोन कप, कपाला एक चमचा. १० ग्रॅम. पहिल्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखलं आणि एका सप्लायरला मी उगाच ओरडले.

१ जुलै

आईंचं ताट पण लिहितेच आहे. त्यांच्या धान्याचा आकडा ३१०, वय ७१, दिवसभर बसून. मला वाटलं आपल्याला इतकं कळलंय तर त्यांचं पण थोडं कमी करावं. उद्यापासून रात्री दोनच्या ऐवजी एकच भाकरी, भात नाही. तयार झाल्या, कुरकुरत का होईना.

३ जुलै, गुरुवार

हे सविस्तर लिहिणार आहे कारण चूक माझी आहे.

सकाळी आईंनी नेहमीप्रमाणे गोळी घेतली. मी नाश्त्याला पोह्यांऐवजी दोन अंडी आणि काकडी दिली, कार्ब जवळपास शून्य, मनातल्या मनात खूश. रात्री पण एकच भाकरी झालेली. गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते म्हणून मी ऑफिसला उशिरा निघणार होते, नशीब. साडेअकराला त्या देवघरापाशी बसल्या होत्या, मी हाक मारली तर उत्तर नाही. जवळ गेले. कपाळावर घाम, हाताला कंप, आणि माझ्याकडे बघून नणंदेचं नाव घेतलं. मला ओळखलंच नाही दोन सेकंद.

मीटर हाताशी होता. ५८.

मुलगा घाबरून बिस्किटांचा पुडा घेऊन आला, पण मीटरच्या खोक्यातला कागद मी वाचलेला होता, की ७० च्या खाली गेलं आणि माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर पटकन रक्तात जाणारी १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, बिस्किट-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलाने उशीर होतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. त्या पंधरा मिनिटांत मी घड्याळाकडे किती वेळा बघितलं ते माझं मलाच माहीत. ७९. मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली. बाराच्या सुमारास त्यांनी डोळे नीट उघडून मला विचारलं, "काटा कुठाय तुझा? मोजलीस का साखर?"

मी मोरीत जाऊन रडले.

४ जुलै

डॉक्टरांकडे. वही पण नेली. त्यांनी पान उलटलं, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "गोळीचं नाव वहीत कुठाय?" नव्हतंच. चाळीस रकाने होते, गोळीचा एक नव्हता.

त्यांनी समजावलं ते असं. आईंच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला घेणंदेणं नाही. नेहमीची भाकरी गृहीत धरून तिचा डोस ठरवलेला, आणि मी भाकरी काढून घेतली, म्हणजे पगाराचा चेक तर लिहिला पण खात्यातले पैसे आदल्या दिवशीच काढले. नुसतं मेटफॉर्मिन (डायबेटीसची दुसरी नेहमीची गोळी) असतं तर असं सहसा होत नाही. मला तर गोळीच नाही, म्हणून माझ्या ताटावरचा प्रयोग मला झेपला, तो उचलून त्यांच्या ताटावर ठेवणं हाच मूर्खपणा. आणि कमी करायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून, गोळी आणि ताट दोन्ही एकत्र बदलायचं. त्यांनी डोस निम्मा केला, तिन्ही वेळेला थोडं थोडं धान्य ठेवायला सांगितलं, नाश्ता चुकवायचा नाही.

येताना रिक्षात आई म्हणाल्या एकादशीचं विचारलंस का. मी विसरले होते. पुन्हा वर जाऊन विचारून आले. निर्जळी किंवा नुसत्या केळ्यावरचा उपास नाही, खाऊन करायचा, आणि त्या दिवशीची गोळी कशी घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून दिलं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आज घरात उपास नाही असं चालतच नाही. आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे नक्की काटा असणार.

साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा धुतलेला स्टार्च, बहुतेक तामिळनाडूच्या सेलमकडून येतो. १०० ग्रॅमला ८७ कार्ब, प्रोटीन नावाला, फायबर नावाला. आमच्या घरची एक प्लेट खिचडी म्हणजे ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ६५ कार्ब, वर बटाटा. दीड भाकरीपेक्षा जास्त, आणि त्याला आपण "हलकं" म्हणतो! तिला वाचवतो तो दाण्याचा कूट, त्यातल्या प्रोटीन आणि तेलामुळे वेग जरा कमी होतो.

यंदा असं केलं: साबुदाणा ३५, कूट ३०, बटाट्याच्या ऐवजी लाल भोपळा आणि काकडी किसून, सोबत वाटीभर दही. आईंना दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. मला दोन तासांनी १३८. गेल्या वर्षीचा आकडा माझ्याकडे नाही, आणि एका प्लेटीनंतर दुसरी न घेण्याचा माझा तरी हा पहिलाच उपास. आईंनी तीनदा तपासू दिलं, ११२ च्या खाली काही गेलं नाही. रात्री म्हणाल्या पुढच्या आषाढीला भोपळा नको, खिचडीचा शिरा होतो. खरंय, गिच्च गोळा झाला होता.

८ जुलै

नवऱ्याचे नो कार्बचे पंधरा दिवस पूर्ण. पहिल्या आठवड्यात दोन किलो तीनशे ग्रॅम उतरले, तेव्हा शेजारी सगळ्यांना सांगून आला. दुसऱ्या आठवड्यात दोनशे. डोकं जड, बद्धकोष्ठ, जिममध्ये तिसऱ्या सेटला हात लटपटतात आणि चिडचिड आमच्यावर.

मी वहीत हिशोब मांडून दाखवला. शरीर ग्लुकोज साठवतं ग्लायकोजेन म्हणून, यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत चारशेच्या आसपास. आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन संपलं की पाण्यासकट दोन किलो तिथेच जातात, चरबी बिचारी जागेवर. ती पहिल्या आठवड्याची मिठाई पाण्याची होती. वजन उठवताना स्नायू तेच ग्लायकोजेन जाळतात, ते नसलं की हात लटपटणारच. असा कमी कार्बचा आहार देखरेखीखाली काही लोकांना उपयोगी पडतो म्हणतात, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला सहाला उठून शिफ्टला जायचंय आणि ज्याच्या घरात भाजी म्हणजे बटाटा, त्याने मध्येच उठून करायचा हा प्रकार नव्हे. बद्धकोष्ठ तर होणारच, धान्य आणि फळ दोन्ही काढल्यावर फायबर येणार कुठून. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम लागतं, याचं भरत होतं ७.

ऐकून घेतलं, काही बोलला नाही. रात्री ताटात गपचूप एक भाकरी वाढून घेतली. मी पण गपचूप वहीत ४१ लिहिले.

१३ जुलै, रविवार, प्रयोग दोन

भात. आमच्याकडे भाताशिवाय जेवण संपल्यासारखं वाटत नाही, मूठभर का होईना, आमटी ओतून. ऐकलं होतं की भात शिजवून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवला की त्यातला काही स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो आणि नीट पचत नाही, म्हणजे थोडा फायबरसारखा वागतो. हे रसायन खरं आहे. म्हणून करून बघितलं, एकदा ताजा, एकदा फ्रीजमधला गरम करून, दोन्ही वेळा शिजलेला १५० ग्रॅम, तेवढीच आमटी. १५४ आणि १४९. म्हणजे माझ्या मीटरला काही दिसलं नाही. फोडणीचा भात आवडतो म्हणून खावा, औषध म्हणून नको. (शिळा ठेवायचा तर लगेच फ्रीजमध्ये, ओट्यावर रात्रभर नाही, पोट बिघडतं.)

त्यापेक्षा आईंनी सांगितलेलं जमलं. त्यांच्या माहेरी भात सणालाच व्हायचा, रोज ज्वारीच्या कण्या. ज्वारी जात्यावर भरडून, पाखडून, ताकात शिजवायच्या. गिरणीवाल्याला भरड म्हटलं तर त्याने तीनदा विचारलं, जनावराला हवीय का. ४० ग्रॅम कण्या शिजून मोठी वाटी होते, चावाव्या लागतात, आमटीबरोबर छान लागतात. आकडा १२६. धान्य तेच, पीठ केलं नाही, भरडच ठेवलं, मग आतला स्टार्च सावकाश मोकळा होतो. मुलाने पहिल्या घासाला "हे काय" विचारलं, दुसऱ्यांदा घेतलं नाही. त्याला भातच, तो रोज दोन तास फुटबॉल खेळतो, त्याच्या ताटात काटा फिरवायचं काही कारण नाही.

१६ जुलै

जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या. दीड भाकरीच्या पहिल्या रात्रीचंच ताट पुन्हा, चटणी-ठेचा, फक्त फेऱ्या जास्त. १४४. स्नायू हलले की रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनची फार वाट न बघता. तीन रात्री केलं, तिन्ही वेळा १५० च्या खाली. ५० पट्ट्या संपत आल्यात, आता जपून.

२० जुलै, रविवार

महिन्याचं ताळेबंद, माझंच. धान्य २२५. डाळ-उसळ ७०. भाजी ३४०, बटाटा आठवड्यातून दोनदा. साखर १२ (एक पेढा धरून). कार्ब २२० च्या आसपास, कॅलरीच्या निम्म्याहून थोडं कमी. वजन एक किलो चारशेने उतरलं, सकाळची उपाशीपोटी ९९, १०१, ९७. एचबीए१सी आता करून काही उपयोग नाही, तो मागच्या साधारण तीन महिन्यांचा सरासरी हिशोब दाखवतो, जुनी उधारी अजून त्यात आहे. सप्टेंबरच्या मध्यात करणार.

खर्चाचं पण लिहायला पाहिजे. मटकी, मूग, भाज्या, दही मिळून किराणा महिन्याला सव्वाअकराशेने वाढला, ज्वारी-तांदूळ-साखर-खारी कमी झाल्याने साडेचारशे वाचले. निव्वळ पावणेसातशे जास्त. लोक भाकरी-चटणीवर पोट का भरतात ते या दोन ओळींत आहे, हौस म्हणून नाही भरत. आमच्या कारखान्यातल्या मागावरच्या बायकांना मी "उसळ खा" म्हणून सांगायला गेले नाही अजून, जायचं धाडसही झालं नाही.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

४५ दिवस कालच झाले. आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून भाकरी नाही, उकडलेले पुरणाचे दिंड. मी सकाळी काटा काढला तर आईंनी हात धरला, सणाला मोजू नये म्हणे. ठेवला आत. दोन खाल्ले, वर तूप, आधी वाटीभर मोडाची मटकी. टोचलं पण नाही.

आईंचा निम्म्या डोसवर उपाशीपोटीचा आकडा १२८ आहे, डॉक्टरांना फोनवर कळवला, तसंच चालू ठेवा म्हणाले. वहीत आता गोळीचा रकाना आहे, लाल पेनाने.

३० जुलै

रात्री आईच भाकऱ्या थापायला बसल्या. परातीतून गोळा काढला, तळहातावर तोलला आणि मला विचारलं, "सांग किती."

म्हटलं एकशे दहा.

"पंधरा," त्या म्हणाल्या.

काट्यावर ठेवला. ११४. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गोळा उचलला आणि थापायला सुरुवात केली.

दळण संपलंय. उद्या गिरणीत ज्वारी ५ किलो, भरड १ किलो वेगळी.